पुसलेल्या नावाचा चमचा

आमच्या ह्यांनी नोकरीत असताना कुठल्याही साहेबाचा चमचा व्हायचं साफ नाकारलं, आणि निवृत्त झाल्यावर सगळं घर चमच्यांनी भरून टाकलं. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी म्हणून म्हणून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, चमचे म्हणजे साधेसुधे नाहीत. जुन्या स्टर्लिंग चांदीचे, आणि प्रत्येकाच्या दांडीच्या टोकाला कुठल्या ना कुठल्या गावाची खूण. कुठे पूल, कुठे घड्याळाचा मनोरा, कुठे नुसताच एक मासा. पूर्वी लोक फिरायला गेले की आठवण म्हणून असा एक चमचा घेऊन यायचे. आणायचे, कपाटात ठेवायचे, मग एक दिवस मरून जायचे. मग त्यांची पोरं ते विकायची, आणि रविवारच्या जुन्या बाजारातून आमचे हे ते उचलून आणायचे. घरात चमच्यांची अशी रेलचेल, पण चहात साखर ढवळायला मागा, मिळणार स्टीलचाच. चांदीच्या चमच्याने कुणी खात नाही म्हणे. एकदा मुलीने तापात असताना त्यातल्या एकाने औषध घेतलं, तर ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं ताप ह्यांनाच आलाय.

तरी खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माणूस जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला. अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं, ग्रीस लावायचं, वर लोक घंटा वाजवत शिव्या घालणार. कुणी कधी ह्यांना बसा म्हटलं नाही. आणि आता संग्राहकांच्या मंडळात हे खुर्चीवर बसून बोलायचे आणि शिकलेसवरलेले लोक ऐकायचे. घरी आले की दोन दिवस आवाज खणखणीत असायचा. मी वरवर करवादायचे, पण भिंतीवरच्या फळीवर धूळ बसू द्यायचे नाही.

ह्या चमच्यांमध्ये एक भानगड असते, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चमच्याचा जो खोलगट भाग, ज्याला हे वाटी म्हणतात, त्यात दुकानदार नाव कोरून द्यायचे. बायकोचं, आईचं, नव्या बाळाचं, खाली तारीख. घेणाऱ्याला केवढं अप्रूप! पण संग्राहकांना ते नाव नको असतं. गावाचा शिक्का हवा, कारागिराची खूण हवी, पण कुणा परक्या माणसाचं नाव म्हणजे त्यांच्या लेखी डाग. मंडळाचे अध्यक्ष तर त्या बाबतीत फार कडक. मी त्यांना भिंगवाले म्हणते, कारण खिशातून भिंग काढल्याशिवाय ते माणसाकडेही बघत नाहीत. ते ह्यांना म्हणाले, "नावं काढून टाका. कोऱ्या वाटीलाच मान असतो."

झालं. भिंगवाले बोलले म्हणजे दगडावरची रेघ.

ह्यांनी गॅलरीत टेबल मांडलं. आधी जाडसर पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग कापडाचं चाक आणि लाल पॉलिश. हात मेकॅनिकचा, घाई नाही. नावं एकेक करून गेली. दीपगृहाचा एक चमचा होता, त्यातलं नाव पुसत होते तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. चष्मा स्वयंपाकघरात राहिलेला, त्यामुळे नीट वाचता आलं नाही, पण एवढं कळलं की नावाखाली एकच तारीख आहे आणि बाजूला छोटासा पाळणा कोरलाय.

"अहो, कुणाचं तरी बाळ आहे ते," मी म्हणाले.

"असेल की. आता म्हातारं झालं असेल," हे म्हणाले आणि पेपर बदलला.

त्या चमच्याची कड एका बाजूला जरा चेपलेली होती. ती मात्र ह्यांनी सरळ केली नाही. घासून वाटी पातळ झाली होती, ठोकायला गेलो तर चीर पडेल म्हणाले.

मग ह्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन भरलं, वाचनालयाच्या खालच्या मोठ्या खोलीत. नाणीवाले, काडेपेट्यांवाले, बटणांवाल्या एक बाई, आणि कोपऱ्यात आमचे हे, स्वतः बनवलेल्या काचेच्या पेटीसह. नवा शर्ट. मी इस्त्री केलेला, म्हणजे मीही त्या प्रदर्शनात होते असं म्हणायला हरकत नाही. मी शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पेटीला हात लावू नका, पेटीला हात लावू नका म्हणत होते.

दुपारी एक वृद्ध बाई आल्या. बाहेर लख्ख कोरडं असताना हातात छत्री, तीही काठीसारखी टेकत. पहिल्यांदा पेटीपाशी थांबल्या, पुढे गेल्या. काडेपेट्या बघून परत आल्या. नाणी बघून परत आल्या. मला वाटलं, म्हातारीचा काही बेत आहे. मी स्टूल जवळ ओढलं. तर त्या काचेला नाक लावून म्हणाल्या, "तो दीपगृहाचा. त्याची डावी कड चेपलेली आहे का?"

ह्यांना काय, चमच्याबद्दल कुणी विचारलं की उकळ्या फुटतात. "वा, बारीक लक्ष आहे तुमचं," हे म्हणाले.

"लक्ष कसलं, मला धड दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाने चेपवलीय ती. जमिनीवर आपटून आपटून. बसायला लागला होता नुकताच. दिवसभर तेच चालायचं त्याचं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

बाईंनी सांगितलं ते असं. त्यांचा नवरा बंदरात फेरीबोटीवर होता. मुलगा झाला तेव्हा त्याने तिथल्याच दुकानातून तो चमचा घेतला आणि नाव कोरून आणलं. मुलगा वर्षाचाही झाला नाही, गेला. बाई अंथरुणाला खिळलेल्या असताना त्यांच्या आईने एका दुपारी घरातलं त्याचं सगळं उचलून नेलं. कपडे, पाळणा, चमचा, सगळं. लेकीला त्रास नको म्हणून. कुणाला दिलं, कुठे टाकलं, आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. नवऱ्याने त्यानंतर ते नाव कधी उच्चारलं नाही. तोही गेला. नंतर मुलगी झाली, तिला माहीत आहे की एक भाऊ होता, पण त्याचं नाव तिने कधी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

"आता ते नाव फक्त मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी मनातल्या मनात घेते. पण कधीकधी वाटतं, मी घेते तेच होतं ना? की म्हातारपणी आपणच काही बनवलं? एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचंय. मला चमचा नको हो, तुम्ही त्याच्या वाटीतलं वाचून दाखवा, बास. मी आधी सांगणार नाही. तुम्हीच वाचा, म्हणजे माझी खात्री होईल."

काचेवर दिव्याचा झोत पडला होता आणि बाईंना दिसत नव्हतं, नाहीतर वाटी कोरी आहे हे तिथेच कळलं असतं. ह्यांच्या शर्टाच्या खिशात पेटीची चावी होती, मी स्वतः ठेवली होती, आणि हे म्हणतात कसे, "चावी घरी राहिली हो. तुम्ही असं करा, गुरुवारी घरीच या चहाला. नीट बघू."

बाईंनी पत्ता दोनदा वदवून घेतला. जाताना मला म्हणाल्या, "तुमचे यजमान फार सज्जन आहेत."

मी मूग गिळून बसले. पण घराचं दार लागलं आणि माझं तोंड उघडलं. "चावी घरी राहिली? हाडं मोडली तरी आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत, आणि आज एका चमच्यापायी?" हे जेवले नाहीत. कपाटासमोर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला आठवतंय का गं काय नाव होतं?"

मला कुठून आठवणार! पाळणा तेवढा दिसला होता.

"मी तर घासत होतो," हे म्हणाले. "समोर होतं. अक्षरन् अक्षर मी घासलंय. कुठलं आधी गेलं, कुठलं खोल होतं म्हणून वेळ लागला, ते आठवतंय. पण नाव वाचलंच नाही मी. घासायचंय म्हणजे वाचायचं कशाला."

त्या आठवड्यात माणूस नुसता सुकून गेला. भिंगवाल्यांकडे जाऊन आले. चमचा पुसायच्या आधी मंडळात दाखवला होता, तेव्हा त्यांना आठवत असेल म्हणून. भिंगवाले म्हणाले, "शिक्का कुठला होता विचारा, लगेच सांगतो. नावं कोण लक्षात ठेवतं?" विकणाऱ्याकडे गेले. त्याने हात झटकले.

आणि बुधवारी मी बाजारातून आले तर हे गॅलरीत. टेबलावर कोरायची सुई, आणि माझा रोजचा स्टीलचा चमचा, त्यावर अक्षरं गिरवून गिरवून त्याचा पार चोथा केलेला. बाजूला दीपगृहाचा चमचा फडक्यावर.

"हे काय चाललंय?" मी पिशव्या तिथेच टाकल्या.

"सराव करतोय. पहिलं अक्षर रुंद होतं हे नक्की. आणि शेवटी वेलांटी होती. अशी नावं असतात तरी किती? त्यांना तसंही दिसत नाही नीट. उद्या बोलता बोलता त्यांच्याकडून एखादं अक्षर काढून घेतलं तर..."

"तर काय? खोटं बाळ करून देणार आहात त्यांना?"

मी फार मोठ्याने बोलले. खालच्या गॅलरीतून कुणीतरी वर बघितलं. ह्यांनी सुई खाली ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासू-सासरे गेले, नोकरीत अपघात झाला, मी ह्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ते तेव्हा पाहिलं. मग माझाही राग कुठल्या कुठे गेला. मी पिशव्या उचलल्या आणि म्हणाले, "जे झालं ते सांगा त्यांना. त्या शिव्या देतील, खाऊ. दोघं मिळून खाऊ."

गुरुवारी बाई आल्या. छत्री होतीच. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतलं काहीतरी, त्याला कपाटाचा वास. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि चहाला हात न लावता ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारख्या.

ह्यांनी बसून सांगितलं नाही, उभं राहून सांगितलं. "बाई, नाव नाहीये त्यात. होतं. मी पुसलं. माझ्या हाताने, ह्याच घरात. आमच्यात नाव असलेला चमचा कमी प्रतीचा समजतात, म्हणून. आणि मी ते वाचलंही नव्हतं. त्या दिवशी चावी माझ्या खिशात होती. घाबरलो होतो."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं पुसायला?"

भिंगवाल्यांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

"कुणी नाही," हे म्हणाले.

ह्या माणसाशी लग्न केलं ते काही चुकलं नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. एरवी मी असं पटकन म्हणणारी नाही.

बाईंनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "माझ्या आईने चमचा नेला," त्या म्हणाल्या, "तुम्ही नाव नेलंत. तिने चांगल्यासाठी केलं, तुम्हीही चांगल्यासाठीच केलं असेल. सगळे चांगल्यासाठीच करतात." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी आपली उगीच त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवली.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "हातात तरी घेऊ दे."

ह्यांनी फडक्यातून चमचा काढून दिला. "तुमचाच आहे. तुम्ही घेऊन जा," म्हणाले. बाईंनी तो बोटांनी चाचपला. दीपगृहावरून अंगठा फिरवला, मग चेपलेल्या कडेवर आणला आणि तिथेच ठेवला. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग वाटीत बोट फिरवलं, ती गुळगुळीत लागली. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, दिसेना. तेव्हा आपण चष्मा पुसतो ना, तसा त्यांनी चमचा तोंडाजवळ धरला आणि आत वाफ सोडली.

"अहो, वाफ नका लावू, चांदीला डाग..." ह्यांच्या तोंडून सवयीने गेलं. मी असे डोळे वटारले की पुढचे शब्द तिथेच अडकले. पण अडकले ते माझ्या डोळ्यांमुळे नाही. हे चमच्याकडे बघत होते.

बाई रुमालाने पुसायला लागल्या, तोच ह्यांनी त्यांचा हात धरला. परक्या बाईचा हात, चक्क.

"पुसू नका. थांबा. पुन्हा करा."

"काय करू?"

"वाफ. पुन्हा सोडा."

बाईंना काही समजलं नाही, पण त्यांनी केलं. मी चष्मा लावून वाकले. चांदीवर धुकं बसलं, आणि त्या धुक्यात ओरखडे नसलेल्या जागी ओरखडे दिसले. आधी पाळण्याची कमान, मग काही अक्षरांच्या कडा. डोळे मिटून उघडेपर्यंत सगळं विरलं.

"कोरताना आतपर्यंत दाब बसतो," हे पुटपुटले. कुणाला सांगत होते देव जाणे. "वरून घासलं तरी खालची चांदी दबलेलीच राहते. वाफ तिथे वेगळी धरते. अगं, गेलं नाहीये ते. आत आहे."

"काय आहे?" बाई म्हणाल्या. "मला काही दिसत नाहीये. काय आहे आत?"

ह्यांनी चमचा घेतला, खिडकीपाशी गेले आणि स्वतःच्या तोंडाची वाफ दिली. भराभर डोळे फिरवले. दुसऱ्यांदा दिली. ओठ हलले. तिसऱ्यांदा दिली आणि मग वळून, लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकलीय हे वरून ओरडून सांगायचे तसं, ठणठणीत आवाजात त्यांनी ते नाव वाचलं.

नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे. चारच अक्षरं, शेवटी वेलांटी.

बाई उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त मान हलवली, हो, हो, अशी, जसं कुणी दाराबाहेरून हाक मारली आहे आणि आपण आतून आलेच म्हणतोय. "तेच," त्या म्हणाल्या. "मी तेच म्हणत होते. बरोबर म्हणत होते मी."

मग म्हणाल्या, "पुन्हा."

ह्यांनी पुन्हा वाफ दिली, पुन्हा वाचलं. तारखेसकट. मग चमचा माझ्या हातात आला. चांदी त्या दोघांच्या हातांनी कोमट झाली होती. मी वाफ सोडली, आणि म्हातारीला कमी ऐकू येत असेल म्हणून जरा मोठ्यानेच वाचलं.

"ऐकू येतंय मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबू नका."